पुनर्वसन-वैद्यकातील भागीदारी : कोणाच्या अटींवर?

मे २०२३ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेच्या ७६ व्या अधिवेशनाने, पुनर्वसन-सेवा प्रत्येक देशाच्या आरोग्यव्यवस्थेचे अंग बनली पाहिजे, असा ठराव संमत केला. ठराव चांगला आहे; परंतु तो नवा नाही. १९७८ साली अल्मा आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेची जी व्याख्या एकमुखाने स्वीकारली, तिच्यात आरोग्यसंवर्धन, प्रतिबंध आणि उपचार यांच्याच पंक्तीत पुनर्वसनाला बसविले होते. नंतरच्या ४५ वर्षांत पहिल्या तिघांच्या वाट्याला थोडेफार आले. चौथा मात्र पंक्तीत बसूनही उपाशीच उठला. तोच शब्द तितक्याच गांभीर्याने पुन्हा एकदा उच्चारावा लागतो, यातच गेल्या अर्धशतकाच्या आरोग्यनीतीचा हिशेब आला.

प्रश्न किती मोठा आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगातील २४१ कोटी माणसे अशी होती की, त्यांना त्यांच्या आजारपणात वा दुखापतीत केव्हातरी पुनर्वसन-सेवेचा लाभ होऊ शकला असता. म्हणजे तीन माणसांमागे जवळजवळ एक. दुसऱ्या बाजूला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत या शाखेचे किती डॉक्टर आहेत याचा शोध २००९ च्या सुमारास काही संशोधकांनी घेतला, तेव्हा ७८ कोटी लोकसंख्येसाठी अवघे सहा डॉक्टर आढळले. आणि ते सहाही दक्षिण आफ्रिकेत होते. उरलेल्या सगळ्या देशांच्या नावापुढे शून्य होते. अशा स्थितीत 'आंतरराष्ट्रीय सहकार्याने डॉक्टर तयार करू' असे कोणी म्हटले, तर त्याला विरोध कोण करील? पण सहकार्य हा शब्द ऐकल्याबरोबर मान डोलावण्याआधी, ते कोणत्या अटींवर आणि कोणासाठी, हे विचारण्याचा अधिकार समाजवादी चळवळीने कधीच सोडलेला नाही. इथेही तो सोडता कामा नये.

प्रथम ही शाखा म्हणजे काय, ते पाहू. शस्त्रक्रियेने प्राण वाचतात, औषधाने रोग हटतो. पण त्यानंतर माणूस घरी जाऊन काय करणार, हा प्रश्न उरतोच. पाठीचा कणा मोडलेल्या मजुराची कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर त्याला शय्याव्रण होतात. लघवीची नीट व्यवस्था लावून दिली नाही, तर मूत्रपिंडे निकामी होतात. आणि जो माणूस अपघातातून वाचला, तो वर्षा-दोन वर्षांत अशा 'किरकोळ' कारणाने दगावतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतरचे पहिले काही महिने हातापायांना पुन्हा वळण लावण्याचे असतात. ते वाया गेले की, सांधे आखडतात आणि माणूस खाटेला खिळतो. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, पण बधिर झालेले हात चुलीवर भाजतच राहतात. या साऱ्याची जोखीम ओळखून भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनविणारा कारागीर, परिचारिका, वाचा-उपचारक आणि समाजकार्यकर्ता यांचे काम एका सूत्रात ओवणारा डॉक्टर म्हणजे पुनर्वसन-वैद्यकाचा डॉक्टर. 'रोग गेला की नाही' एवढ्यावर तो थांबत नाही. 'माणूस कामाला लागला की नाही' हेही तो पाहतो. म्हणूनच श्रमणाऱ्यांच्या चळवळीला या शाखेविषयी उदासीन राहता येणार नाही.

या शाखेचा जन्म मात्र श्रमिकांच्या गरजेतून झाला नाही. तो युद्धातून झाला. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या लुडविग गुटमन या डॉक्टरांनी कणा मोडलेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. अमेरिकेत हॉवर्ड रस्क यांनी हवाई दलातील जखमी सैनिकांवर जे प्रयोग केले, त्यांतून न्यूयॉर्कची संस्था उभी राहिली आणि १९४७ साली या शाखेला तिथे स्वतंत्र मान्यता मिळाली. आपल्याकडेही तोच क्रम दिसतो. जखमी सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज् टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ ची, पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, आणि खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकू शकले. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण त्या जिद्दीला सैन्यातील उपचारांचा आणि खेळाच्या सोयींचा आधार होता, हेही विसरता येत नाही. सैनिकाला जे मिळाले ते योग्यच मिळाले. आक्षेप एवढाच की, इमारतीच्या पराचीवरून कोसळलेल्या गवंड्याला, मळणीयंत्रात हात गेलेल्या शेतमजुराला आणि उसाच्या गाडीखाली पाय चिरडलेल्या तोडणी-कामगाराला ते मिळत नाही. देशासाठी त्यांनीही घाम गाळलेला असतो. पण त्यांच्या जखमेला पदक नसते.

त्यांच्यासाठी कायद्याने काय केले? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवांची एक अनुसूचीच तयार केली. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली, दोन्ही हात गेले तर शंभर टक्के! पुढे कायद्याचे नाव बदलले, तो संहितेत विलीन झाला. हिशेबाची रीत तीच राहिली. अवयवाचा दर ठरविणाऱ्या या व्यवस्थेने, गेलेली शक्ती परत आणून देण्याची जबाबदारी मात्र त्याच निश्चयाने कोणावर टाकली नाही. संघटित कामगारांसाठी १९४८ च्या राज्य विमा योजनेत काही सोय झाली. असंघटितांचा अफाट समुदाय बाहेरच राहिला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले खरे, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पाचर मारूनच. शासनाने अपंगांसाठी नवा, अधिक गौरवाचा शब्द शोधला. त्या शब्दाबरोबर जिल्हा रुग्णालयात एखादा पुनर्वसन-डॉक्टर आला असता, तर तो गौरव अंगी लागला असता.

आता परदेशी सहकार्याकडे वळू. या बाबतीत आपला देश कोरा नाही. त्याच्या गाठीशी सत्तर वर्षांचा अनुभव आहे. १९५५ साली मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली, ती संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेल्या देशाने जागतिक संघटनेची मदत घ्यावी आणि ती कायमस्वरूपी सार्वजनिक संस्थेत रुजवावी, हा त्या काळाचा विचार होता, आणि तो योग्य होता. तज्ज्ञ आले आणि परत गेले. संस्था राहिली, आणि ती सरकारची, म्हणजे लोकांची राहिली. पण ती 'पथदर्शी' म्हणून सुरू झाली होती. त्या पथावरून पुढे जाण्याची जबाबदारी राज्य सरकारांची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची होती. फार थोड्यांनी ती उचलली. विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णाला आजही मुंबईच्याच वाटेला लागावे लागते, याचा दोष मदत देणाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.

दुसरे उदाहरण वेल्लोरचे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस १९५४ च्या मोटार-अपघातात कमरेखाली कायमच्या पंगू झाल्या. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांत स्नायुबंधांची अदलाबदल करून बळ आणण्याची शस्त्रक्रिया तेथेच डॉ. पॉल ब्रँड यांनी विकसित केली होती. चाकाच्या खुर्चीत बसून ती शस्त्रक्रिया करण्यास व्हर्गीस शिकल्या. पुढे रस्क यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या जागतिक पुनर्वसन निधीची शिष्यवृत्ती घेऊन त्या न्यूयॉर्कला गेल्या, तिथे या शाखेचे शिक्षण घेतले आणि परत आल्या. १९६३ मध्ये त्यांनी विभाग उघडला; १९६६ मध्ये रुग्णांना ठेवून घेणारी संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कहाणीकडे बहुधा एका असामान्य स्त्रीच्या धैर्याची कथा म्हणून पाहिले जाते. ती तशी आहेच. पण तेवढेच पाहिले तर तिच्यातला धडा निसटतो. शिष्यवृत्तीमागे पाठविणारी एक संस्था होती. परतणाऱ्या डॉक्टरासाठी जागा, खाटा आणि सहकारी यांची तजवीज होती. आणि दारात रुग्ण उभे होते. परदेशी शिक्षण हे बी होते. जमीन आधीच नांगरलेली होती. जिथे जमीन नांगरलेली नसते तिथे काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. शिष्यवृत्तीवर गेलेला डॉक्टर तिकडेच राहतो. कारण परतल्यावर ज्या विभागात काम करायचे, तो विभागच इथे नसतो. गरीब देशाने आपल्या पैशाने शिकविलेला डॉक्टर श्रीमंत देशाच्या वृद्धांची सेवा करतो, आणि या व्यवहारालाही 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' असेच नाव मिळते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये परदेशी आरोग्यसेवकांच्या भरतीविषयी आचारसंहिता केली. पण ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक बंधनाने बलवान कधी बांधला जातो काय?

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. न्यूयॉर्कच्या वा लंडनच्या रुग्णालयात शिकणारा डॉक्टर केवळ विद्या शिकत नाही. त्या विद्येमागचे घर, रस्ता, धंदा आणि सवयी हेही नकळत शिकतो. तिथला रुग्ण खुर्चीवर बसतो, बूट घालतो, सपाट फरशीवर चालतो. इथला रुग्ण मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून शौचाला जातो, चिखलात अनवाणी भात लावतो. पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय त्याला दिला, की तो पाय घराच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि माणूस कुबड्यांवर चालत राहतो. जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हे ओळखले. एडिंबरोची एफ्. आर. सी. एस. ही पदवी त्यांच्यापाशी होती. पण उत्तर सापडले ते रामचंद्र शर्मा या फारसे न शिकलेल्या कारागिराच्या हातात. १९६८ च्या सुमारास रबराचा, बुटाविना वापरता येणारा, उकिडवे बसू देणारा 'जयपूर फूट' तयार झाला. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी विद्या त्याज्य आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे हा करंटेपणा होईल. विद्या परदेशी असो वा देशी, तिला कारागिराच्या आणि रुग्णाच्या परीक्षेला बसावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या भागीदारीत अशी परीक्षा घेण्याचा अधिकार इकडच्या माणसाला नसतो, ती भागीदारी नव्हे, ती केवळ आयात आहे.

गेल्या दीड दशकात या क्षेत्रात एक नवी पद्धत पुढे आली आहे, तिची नोंद घेतली पाहिजे. घाना, इथिओपिया यांसारख्या देशांतील डॉक्टरांना परदेशी न बोलाविता, त्यांच्याच रुग्णालयात काम करता करता, दूरसंवादाच्या साधनांनी आणि अधूनमधून येणाऱ्या पाहुण्या अध्यापकांच्या मदतीने ही शाखा शिकविण्याचे प्रयत्न सुरू झाले. नेपाळमधील डॉक्टर या शाखेच्या शिक्षणासाठी ढाक्याला गेले. ज्या बांगलादेशात १९७९ मध्ये व्हॅलरी टेलर या इंग्रज भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी पंगूंच्या पुनर्वसनाचे केंद्र सुरू केले होते, तो देश आता शेजाऱ्याला डॉक्टर तयार करून देऊ लागला. एप्रिल २०१५ च्या भूकंपात कणा मोडलेल्या नेपाळी माणसांना काठमांडूजवळच्या सांगा येथील केंद्राने आसरा दिला, तेव्हा ते केंद्र भूकंपाआधी तेरा वर्षे अस्तित्वात होते, ही गोष्ट निर्णायक ठरली. आपत्तीच्या दिवशी विमानाने येणारी पथके प्राण वाचवितात. पण ती परत जातात, आणि पुनर्वसनाचे काम ती गेल्यानंतर सुरू होते. ते काम तिथे राहणाऱ्यालाच करावे लागते.

दात्याच्या मर्जीवर उभे राहिलेले काम किती तकलादू असते, याचा धडा २०२५ साली साऱ्या जगाला मिळाला. अमेरिकेच्या सरकारने आपली परदेशी मदतसंस्था काही महिन्यांत मोडीत काढली, आणि तिच्या पैशावर चालणारे आरोग्यकार्यक्रम देशोदेशी बंद पडले. ज्या मतदारांना त्या रुग्णांची नावेही ठाऊक नाहीत, त्यांच्या एका निवडणुकीने ही उलथापालथ झाली. म्हणून भागीदारी हवी ती सार्वजनिक संस्थांची सार्वजनिक संस्थांशी, लेखी आणि दीर्घ मुदतीची. एका उदार देणगीदाराची आणि एका कृतज्ञ याचकाची नव्हे.

आता भारताच्या भूमिकेविषयी. भारत हा केवळ घेणारा देश राहिलेला नाही. १९६४ पासून तांत्रिक सहकार्याच्या कार्यक्रमाखाली आशिया-आफ्रिकेतील माणसे इथे शिकून जातात. २०१८ मध्ये गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने सरकारने परदेशांत कृत्रिम पाय बसविण्याची शिबिरे भरविली. उपक्रम स्तुत्य होता. पण शिबिर म्हणजे संस्था नव्हे. कृत्रिम पाय काही वर्षांत झिजतो, वाढत्या मुलाला तर तो लवकरच अपुरा पडतो. तेव्हा शिबिराचा मांडव केव्हाच उठलेला असतो. शंभर पायांबरोबर पाय बनविणारे दोन कारागीर आणि त्यांना मार्गदर्शन करणारा एक डॉक्टर जर त्या देशात तयार झाला, तर ती मदत पिढ्यांना पुरेल. आपल्याकडील शिबिरांनाही हेच लागू आहे. १९८१ पासून साहाय्यक साधने वाटण्याची केंद्राची योजना आहे. पुढाऱ्यांच्या हस्ते तीनचाकी सायकली वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. आणि कोणाला सायकल हवी व कोणाला व्यायाम, हे ठरविणारा जाणकार तिथे क्वचितच असतो.

आणि इथेच आपल्या धोरणातील विसंगती उघडी पडते. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी २०२० मध्ये केलेल्या नियमांत या शाखेच्या विभागाला स्थान होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये जी किमान निकषांची नियमावली काढली, तिच्यातील अनिवार्य विभागांतून ते गेले. जिनिव्हाच्या सभेने पुनर्वसनाचा ठराव केला तो मे महिन्यात. आणि त्याच वर्षी दिल्लीत ही कात्री चालली! ज्या शाखेचा विभाग महाविद्यालयात नाही, तिचे नाव भावी डॉक्टराच्या कानावर पडणार केव्हा? आणि जी शाखा आपल्याच विद्यार्थ्याला दिसत नाही, तिचे शिक्षण आपण आफ्रिकेला कोणत्या तोंडाने देणार?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, जिथे प्राथमिक केंद्रात साधा डॉक्टर मिळत नाही, तिथे ही चैन कशाला? या आक्षेपात तळमळ असेल, पण हिशेब चुकीचा आहे. ज्या घरातला कमावता माणूस खाटेला खिळतो, त्या घरातली बाई मजुरी सोडून शुश्रूषेला बसते आणि मुलगी शाळा सोडून घर सांभाळते. एका माणसाच्या पंगूपणाने तीन माणसांचे श्रम आणि एका मुलीचे भविष्य खर्ची पडते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो गरिबाच्या घरात होतो. चैन म्हणायचीच, तर ती या छुप्या खर्चाकडे डोळेझाक करण्याची आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे : डॉक्टरच कशाला? भौतिकोपचारतज्ज्ञ आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनीच हे काम होते. कामाचा मोठा भाग तेच करतात, हे निर्विवाद. आणि त्यांच्यावर स्वामित्व गाजविण्यासाठी डॉक्टर नकोच आहे. परंतु आजच्या रुग्णालयांत खाटा, औषधे, संदर्भपत्रे आणि अंदाजपत्रक यांच्या किल्ल्या डॉक्टरांच्या हाती आहेत. त्या जागी या शाखेचा कोणी नसेल, तर भौतिकोपचारतज्ज्ञाला तळघरातील एक खोली आणि एक मोडकी सायकल यापलीकडे काही मिळत नाही. म्हणून प्रशिक्षणाची भागीदारी एकट्या डॉक्टरासाठी नसावी; डॉक्टर, उपचारक, कारागीर आणि परिचारिका या सर्वांचे शिक्षण तिच्यात एकत्र असावे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात या शाखेचा खाटांसह विभाग हवा, आणि त्या विभागाने आपल्या जिल्हा रुग्णालयांची जबाबदारी घ्यावी. परदेशी करारात जाणाऱ्या डॉक्टराची परतल्यानंतरची जागा आधी निर्माण झालेली असावी. शिक्षणाचा मोठा भाग इथल्याच रुग्णांमध्ये व्हावा. करारातील अटी विधिमंडळापुढे ठेवाव्यात. अभ्यासक्रम ठरविताना अपंगांच्या संघटनांना आणि कामगार-संघटनांना मताचा अधिकार असावा. केवळ आभारप्रदर्शनापुरते बोलावणे नको. आणि जे आपण न्यूयॉर्ककडून मागतो, तेच आदिस अबाबाला देण्याची तयारी हवी. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यावर भारताने २००७ मध्ये संमतीची मोहोर उठविली आहे. त्यातील ३२ वे कलम आंतरराष्ट्रीय सहकार्याविषयी आहे. ते कलम दात्यांना जितके बांधते तितकेच आपल्यालाही बांधते.

यांपैकी एकही मागणी अशक्य कोटीतली नाही. हाजी अलीची संस्था उभी राहिली तेव्हा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. आज उणीव पैशाची असेल त्याहून अधिक ती निर्धाराची आहे. आणि निर्धार सरकारला आपोआप सुचत नसतो, तो रस्त्यावरून विधिमंडळात न्यावा लागतो. अवयव गमावलेल्या कामगाराचा प्रश्न धर्मादाय खात्यात टाकून चळवळीने फार वर्षे काढली. तो वेतनाच्या आणि कामाच्या तासांच्या मागण्यांशेजारी मांडला गेला, तर जिनिव्हातील ठरावांना इथे अर्थ येईल.